चौकशी आयोगानं पंच होऊ नये

इंग्रजीत चौकशीला लावायचं एक भारदस्त विशेषण आहे, इन्क्विझिटोरियल. कायद्याच्या पुस्तकात त्याचा अर्थ सरळ आहे. ज्या पद्धतीत न्यायाधीश किंवा चौकशी करणारा स्वतः पुरावा शोधतो, स्वतः प्रश्न विचारतो आणि खरं काय घडलं ते स्वतः धुंडाळतो, ती इन्क्विझिटोरियल पद्धत. फ्रान्समध्ये गंभीर गुन्ह्यांचा तपास करणारा न्यायाधीश असं काम करतो. इंग्लंडमध्ये संशयास्पद मृत्यूची कॉरोनरपुढं होणारी सुनावणी याच प्रकारची असते. मुंबईतही १९९९पर्यंत कॉरोनर होता. रोजच्या इंग्रजीत मात्र हेच विशेषण दमात घेऊन, खोदून खोदून विचारण्याला लागतं आणि तिथं ते जवळजवळ शिवीसारखं वापरलं जातं. आपल्या चौकशी आयोगांना हे विशेषण पहिल्या अर्थानं लागू व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे. ते लागू होत नाही म्हणूनच दंगली, चेंगराचेंगरी, गोळीबार, घोटाळे यांच्यावरचे आपले अहवाल एवढे उशिरा येतात आणि आल्यावर एवढे दुबळे ठरतात.

पण या विशेषणाला वाईट नाव का पडलं, हे कोकणपट्टीच्या माणसाला वेगळं सांगायला नको. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशनचं, म्हणजे कॅथलिक धर्माविरुद्ध वागल्याचा संशय असलेल्यांची चौकशी करणारं, न्यायपीठ बसलं. मध्ये १७७४ ते १७७८ अशी चार वर्षं ते बंद होतं, पुन्हा सुरू झालं आणि शेवटी १८१२ मध्ये कायमचं उठलं. वसई, चौल, दमण पोर्तुगीजांकडं होते तोवर तिथली माणसंही त्याच्या कक्षेत होती. शार्ल देलाँ नावाच्या एका फ्रेंच वैद्याला १६७३ मध्ये दमणला पकडून पुढं गोव्याला नेलं. सुटून परत गेल्यावर त्यानं लिहिलेली हकीकत १६८७ मध्ये छापली गेली, म्हणून आतला कारभार आपल्याला थोडाफार कळतो. आरोप काय आहे हे कैद्याला सांगत नसत. तक्रार कुणी केली हे सांगत नसत. उलट, तुझा अपराध कोणता ते तूच आठवून कबूल कर, असं पुन्हापुन्हा विचारलं जाई. कोठडीतल्या माणसाला शेजारच्या कोठडीत कोण आहे हेही कळत नसे. न्यायपीठ उठल्यावर त्याचं बहुतेक दफ्तरही नष्ट झालं.

या सगळ्यात नेमकं भयंकर काय होतं, हे नीट पाहायला हवं. न्यायाधीश स्वतः प्रश्न विचारत होता, हे भयंकर नव्हतं. आरोप लपवला जात होता, फिर्यादी लपवला जात होता, बचावाला जागा नव्हती, छळ होता, आणि शोधणारा, आरोप ठेवणारा व दोषी ठरवणारा एकच होता. एका शब्दात सांगायचं तर गुप्तता भयंकर होती. आपण मात्र त्या इतिहासातून उलटाच धडा घेतला. स्वतः शोधणाऱ्या चौकशीलाच आपण घाबरलो आणि गुप्ततेशी जुळवून घेतलं. आपले आयोग उघड्या दालनात बसतात, पण स्वतःहून फारसं शोधत नाहीत. मग त्यांचा अहवाल मंत्रालयाच्या कपाटात जातो आणि तिथं सरकारच्या मर्जीनं पडून राहतो.

आपल्या रोजच्या कोर्टांची रीत दोन पक्षांची आहे. फिर्यादी आपला पुरावा आणतो, आरोपी आपला आणतो, दोन्हीकडचे वकील उलटतपासणी घेतात आणि न्यायाधीश क्रिकेटमधल्या पंचासारखा मध्ये उभा राहून निकाल देतो. या पद्धतीला तिची जागा आहे. कुणाला तुरुंगात पाठवायचं असेल, तर त्याच्याविरुद्धचा पुरावा दुसऱ्या कुणी आणावा आणि तोलणाऱ्यानं तटस्थ राहावं, हे योग्यच. खुद्द आपल्या पुरावा कायद्यानंही न्यायाधीशाला कुठलाही प्रश्न विचारण्याचा अधिकार दिला आहे. जुन्या कायद्यात ते कलम १६५ होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमात १६८ आहे. पण बहुतेक न्यायाधीश तो क्वचित वापरतात, कारण पंचाची सवय अंगात मुरलेली असते.

काही प्रश्न मात्र असे असतात की दोन पक्षांच्या भांडणात ते कुणी विचारणारच नाही. गांधीहत्येचा खटला १९४९ मध्ये संपला. या आरोपींनी खून केला का, एवढाच त्या कोर्टापुढचा प्रश्न होता. नोव्हेंबर १९६४ मध्ये गोपाळ गोडसे आणि इतर सुटून आल्यावर पुण्यात एक कार्यक्रम झाला. तिथं लोकमान्य टिळकांचे नातू ग. वि. केतकर यांनी जाहीरपणे सांगितलं की हत्येची कल्पना त्यांना आधीच होती. सगळीकडं खळबळ उडाली आणि मग नवा प्रश्न उभा राहिला: कटाची माहिती कुणाकुणाला होती, ती पोलिसांपर्यंत आणि मंत्र्यांपर्यंत कुठवर पोचली होती आणि तरी हत्या का टळली नाही? या प्रश्नाला फिर्यादी नाही आणि आरोपीही नाही. आधी पाठक आणि नंतर न्या. जीवनलाल कपूर यांच्या आयोगाला तो शोधायला लागला. कपूर आयोगाचा अहवाल १९६९ मध्ये आला आणि पोलिसांच्या तपासातली ढिलाई त्यात स्पष्ट मांडलेली आहे. चौकशी आयोगाचं खरं काम हे असतं. कोण दोषी एवढंच पाहायचं नसतं, तर हे घडलं कसं आणि कुणी थांबवू शकलं असतं का, हे शोधायचं असतं.

१९५२चा चौकशी आयोग कायदा याच कामासाठी आहे. तो झाला आणि चारच वर्षांत दालमिया कंपन्यांच्या चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. तेंडोलकर यांचा आयोग नेमला गेला. दालमियांनी कायद्यालाच आव्हान दिलं. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायदा वैध ठरवला आणि एक गोष्ट कायमची स्पष्ट केली: आयोग निवाडा करत नाही, शिक्षा देत नाही. तो वस्तुस्थिती शोधतो आणि शिफारस करतो. आयोगापुढं दिलेलं निवेदन, खोटी साक्ष दिल्याचा खटला सोडला तर, साक्षीदाराविरुद्ध वापरता येत नाही, असं कलम ६ सांगतं. म्हणजे माणसानं मोकळेपणी बोलावं, अशीच सोय कायद्यानं करून ठेवली आहे. गोव्याच्या न्यायपीठात शोध आणि शिक्षा एकाच हातात होत्या. आपल्या कायद्यानं त्या मुळातच वेगळ्या केल्या. मग स्वतः शोधायला आयोगांनी कचरण्याचं कारण काय?

कारण आयोगाला रोजच्या कोर्टासारखं घडवलं गेलं आहे. कलम ४ नं त्याला दिवाणी न्यायालयाचे अधिकार दिले: समन्स काढणं, कागदपत्रं मागवणं, शपथेवर साक्ष घेणं. हे चांगलंच आहे. पण दिवाणी न्यायालयाच्या अधिकारांबरोबर दिवाणी न्यायालयाची चालही आली. आयोग नेमला की तो जाहीर सूचना काढतो आणि ज्यांना काही सांगायचं आहे त्यांनी प्रतिज्ञापत्रं द्यावीत असं कळवतो. सरकार आपलं प्रतिज्ञापत्र देतं, पोलीस आपलं देतात, पक्ष, संघटना, पीडित आपापली देतात. प्रत्येकाचे वकील येतात. मग सरतपासणी, उलटतपासणी, तहकुबी, अर्ज, त्या अर्जांविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका. निवृत्त न्यायमूर्ती आयुष्यभर ज्या खुर्चीत बसले त्याच पद्धतीनं इथंही बसतात. जे पुढ्यात येतं ते तोलतात, जे कुणीच आणत नाही ते तसंच राहतं. आणि सर्वांत महत्त्वाचा पुरावा नेमका असाच असतो, जो आणण्यात कुठल्याच पक्षाचा फायदा नसतो. तो बहुधा सरकारी फाइलीत असतो.

कलम ५अ प्रमाणे आयोगाला तपासासाठी सरकारी अधिकारी आणि तपास यंत्रणा वापरता येतात, पण संबंधित सरकारच्या संमतीनं. पोलिसांच्या गोळीबाराची चौकशी असेल, तर तपासायला माणसंही त्याच खात्याकडून मागायची. चांगला अधिकारी मिळाला तर नशीब.

आयोग खणायला बसला की काय होतं, याचं उदाहरण मुंबईत घडलं आहे आणि ते विसरलं जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. डिसेंबर १९५७ मध्ये फिरोज गांधींनी लोकसभेत विचारलं की नुकत्याच राष्ट्रीयीकरण झालेल्या आयुर्विमा महामंडळानं हरिदास मुंद्रा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपासचे शेअर का घेतले. जानेवारी १९५८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांचा एकसदस्यीय आयोग नेमला गेला. सुनावणी मुंबईत झाली, पूर्ण उघड्यावर. गर्दी इतकी झाली की बाहेरच्यांना ऐकू यावं म्हणून ध्वनिक्षेपक लावावे लागले. अ‍ॅटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड साक्षीदारांना प्रश्न विचारत होते. ते सरकारच्या बचावासाठी नव्हे तर आयोगाला मदत करण्यासाठी उभे होते, हे इथं महत्त्वाचं. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी, अर्थसचिव एच. एम. पटेल, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, महामंडळाचे अधिकारी, सगळे साक्षीला आले आणि एकमेकांच्या सांगण्यातले फरक तिथंच लोकांसमोर उघडे पडले. निर्णय सचिवाचा, माझा नव्हे, अशी मंत्र्यांची भूमिका होती. छागलांनी ती मानली नाही. मंत्र्याला आपल्या सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी टाळता येत नाही, असं त्यांनी लिहिलं. एका महिन्याच्या आत अहवाल आला आणि फेब्रुवारीतच अर्थमंत्र्यांनी राजीनामा दिला.

या चौकशीवर टीकाही झाली. एवढ्या घाईत, एवढ्या गर्दीसमोर अधिकाऱ्यांना नीट बाजू मांडता आली का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो रास्त होता. पुढं न्या. विवियन बोस यांच्या अध्यक्षतेखाली वेगळी चौकशीही झाली. तरी मला छागला आयोगाचं महत्त्व कमी वाटत नाही. त्याचं कामकाज ज्यांनी ऐकलं त्यांना सरकारी निर्णय कसे होतात हे पहिल्यांदा कानांनी ऐकायला मिळालं. मोठ्या खुर्चीतल्या माणसाला थेट प्रश्न विचारला जातो आणि त्याला तिथंच उत्तर द्यावं लागतं, हे लोकांनी पाहिलं.

त्यानंतर महाराष्ट्रात कितीतरी आयोग झाले. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं आणि पुणं पाण्यात गेलं, त्याची चौकशी आधी बावडेकर आणि मग नाईक अशा दोन आयोगांतून गेली. १९७०च्या भिवंडी, जळगाव, महाड इथल्या दंगलींवर न्या. मादन यांचा अहवाल आला. यातले काही अहवाल आजही वाचावेत असे आहेत.

पण सविस्तर बोलायला हवं ते श्रीकृष्ण आयोगाबद्दल. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३च्या मुंबईतल्या दंगलींची चौकशी करण्यासाठी २५ जानेवारी १९९३ला न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांचा आयोग नेमला गेला. ते तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात पदावर असलेले न्यायाधीश होते. दोन हजारांहून अधिक प्रतिज्ञापत्रं आली, पाचशेवर साक्षीदार तपासले गेले. या आयोगानं पंचाची खुर्ची सोडून शोधायचं काम केलं. पोलिसांची कागदपत्रं आणि नियंत्रण कक्षातली संभाषणं तपासली. पोलीस ठाणेनिहाय काय घडलं ते मांडलं. ज्या गुन्ह्यांत पोलिसांनी 'ए समरी' पाठवून, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागत नाही असं सांगून, फाइल बंद केली होती, त्या फाइली त्यानं उघडून पाहिल्या आणि ते गुन्हे पुन्हा तपासावेत असं सांगितलं. दंगलीत ९०० माणसं मेली, हा आकडा आज सगळे वापरतात.

आणि मग काय झालं? २३ जानेवारी १९९६ला राज्य सरकारनं एका अधिसूचनेनं आयोगच गुंडाळला. कलम ७ सरकारला तो अधिकार देतं. आयोगाची गरज उरली नाही असं सरकारला वाटलं की राजपत्रात एक ओळ पुरते. तीन वर्षं दुःख सांगायला दालनात आलेल्या माणसांना कुणी विचारलं नाही. मे १९९६मध्ये पंतप्रधान वाजपेयींच्या सूचनेनंतर आयोग पुन्हा उभा राहिला, पण मार्च १९९३च्या बॉम्बस्फोटांचा विषय जोडून. १६ फेब्रुवारी १९९८ला अहवाल सादर झाला. ६ ऑगस्टला तो विधिमंडळात ठेवताना सरकारनं कृती अहवालात, म्हणजे शिफारशींवर काय केलं ते सांगणाऱ्या निवेदनात, त्याचे मुख्य निष्कर्ष नाकारले. ज्यांच्याबद्दल अहवाल बोलत होता, त्यांच्याच हाती तो स्वीकारायचा की नाही हे होतं. मुंबईतल्या आदर्श सोसायटीच्या घोटाळ्यावरच्या न्या. जे. ए. पाटील आयोगाचंही तेच. डिसेंबर २०१३मध्ये वेगळ्या पक्षांच्या सरकारनं तो अहवाल आधी फेटाळला आणि गदारोळ झाल्यावर जानेवारीत अंशतः स्वीकारला. सत्ता कुणाचीही असो, सवय एकच.

तरीही खणलेलं वाया जात नाही. ११ जुलै १९९७ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली. गॅसचे टँकर पेटवले जाणार होते म्हणून गोळ्या झाडल्या, असं पोलिसांचं म्हणणं होतं. न्या. गुंडेवार आयोगानं ते तपासलं आणि मान्य केलं नाही. गोळीबार अनाठायी होता, असा निष्कर्ष काढला. अधिकाऱ्यावर खटला चालला आणि २००९ मध्ये सत्र न्यायालयानं त्याला दोषी ठरवलं. उलट नागपूरचं पाहा. २३ नोव्हेंबर १९९४ला विधानभवनावर निघालेल्या गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जीव गेले, त्यात बायका आणि मुलं जास्त. दाणी आयोगानं कुणालाही जबाबदार धरलं नाही. हजारो माणसं अडवून धरली होती, त्यांचं निवेदन घ्यायला वेळेवर कुणी गेलं नाही, हे का घडलं याचं समाधानकारक उत्तर गोवारी समाजाला आजवर मिळालेलं नाही.

मुदतवाढीबद्दल फार लिहायला नको. बाबरी मशीद पाडल्याची चौकशी करणाऱ्या लिबरहान आयोगाला तीन महिने दिले होते, त्यानं ४८ मुदतवाढी घेऊन साडेसोळा वर्षं लावली. कोरेगाव भीमाच्या हिंसाचारावरच्या आयोगाला २०१८ मध्ये चार महिने दिले होते. पुढच्या मुदतवाढी वृत्तपत्रांत आपण वाचतच आलो आहोत. एवढी वर्षं लोटली की साक्षीदार थकतात, मरतात, अधिकारी निवृत्त होतात, आणि प्रश्नच जुना होऊन जातो. जे आयोग लवकर संपवायचे असतात त्यांना दुसऱ्या बाजूनं दुबळं ठेवलं जातं. २६/११नंतर नेमलेल्या राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांच्या समितीनं काही महिन्यांत अहवाल दिला, पण ती १९५२च्या कायद्याखालची नव्हती, त्यामुळं कुणाला समन्स काढून बोलावण्याचा अधिकारच तिला नव्हता.

ब्रिटननं २००५ मध्ये चौकशीसाठी नवा कायदा केला आणि २००६ मध्ये त्याचे नियम केले. तिथं हे विशेषण प्रत्यक्षात कसं राबवलं जातं ते पाहण्यासारखं आहे. चौकशीचा स्वतःचा वकील असतो आणि स्वतःची माणसं असतात. साक्षीदाराला 'तुम्हाला काय सांगायचं ते सांगा' असं म्हणत नाहीत. चौकशीच त्याला लेखी प्रश्न पाठवते आणि निवेदन त्या प्रश्नांच्या उत्तरात यावं लागतं. दालनात प्रश्न विचारण्याचा हक्क चौकशीच्या वकिलाला आणि अध्यक्षांना. पीडितांचे किंवा कंपनीचे वकील आपले प्रश्न त्यांच्याकडं देतात, स्वतः विचारायचे तर परवानगी लागते. यामुळं उलटतपासणीचा आखाडा होत नाही. अहवालात कुणावर ठपका येणार असेल, तर त्याला आधी पत्रानं कळवून उत्तर देण्याची संधी दिली जाते. मंत्र्यानं चौकशी मध्येच बंद केली, तर त्याची कारणं संसदेपुढं ठेवावी लागतात.

पोस्ट ऑफिसच्या होरायझन प्रणालीची चौकशी याच पद्धतीनं झाली. संगणकाच्या चुकांमुळं हिशेबात तूट दिसत होती आणि त्या तुटीपायी नऊशेहून अधिक छोट्या पोस्टमास्तरांना चोर ठरवून शिक्षा झाल्या होत्या. त्यात आपल्याकडून तिकडं गेलेल्या कुटुंबांतलेही अनेक होते. दोन पक्षांच्या रीतीनं चाललेल्या कोर्टांत वर्षानुवर्षं हीच माणसं हरली, कारण संगणकाच्या आतली माहिती फक्त समोरच्या पक्षाकडं होती. सर विन विल्यम्स यांच्या चौकशीनं ती माहिती स्वतः मागवली आणि कंपनीच्या एकेका अधिकाऱ्याला, माजी मुख्याधिकाऱ्यालाही, त्यांचेच जुने ईमेल समोर ठेवून दिवसचे दिवस प्रश्न विचारले. हे सगळं कुणालाही घरबसल्या पाहता येत होतं. ब्रिटनचं सगळंच आदर्श आहे असं मी म्हणणार नाही. लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवर या रहिवासी इमारतीच्या आगीत जून २०१७ मध्ये ७२ माणसं गेली आणि चौकशीचा अंतिम अहवाल सप्टेंबर २०२४ मध्ये आला. सात वर्षं म्हणजे तिथल्या कुटुंबांसाठीही फारच झाली. पण त्या अहवालानं एकेका कंपनीचं आणि खात्याचं नाव घेऊन कुणी काय लपवलं ते सांगितलं.

आक्षेप घेणारे म्हणतील की आयोगाला एवढे हात दिले, तर तो माणसांची नावं खराब करत सुटेल. हा आक्षेप हलका नाही आणि त्याचं उत्तर गोव्यातच मिळतं. बेकायदा लोहखनिज उत्खननाच्या चौकशीसाठी नोव्हेंबर २०१० मध्ये न्या. एम. बी. शहा आयोग नेमला गेला. त्यानं स्वतः फिरून पाहिलं, आकडे काढले, लुटीचा अंदाज जवळजवळ ३५,००० कोटींचा मांडला. ७ सप्टेंबर २०१२ला अहवाल संसदेत ठेवला गेला, तीनच दिवसांत गोवा सरकारनं खाणी थांबवल्या, पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयानंही थांबवल्या. एवढा परिणाम फार थोड्या अहवालांचा झाला असेल. पण ज्यांच्यावर ठपका येतो त्यांना ऐकून घ्यायला हवं, असं कलम ८ब सांगतं आणि ८क त्यांना उलटतपासणीचा व वकिलाचा हक्क देतं. खाणमालकांनी म्हटलं की आम्हाला ही संधीच दिली गेली नाही. एप्रिल २०१४च्या निकालात न्यायालयानं खाणपट्टे २००७ मध्येच संपले होते, म्हणून त्यानंतरचं उत्खनन बेकायदा, असं स्वतः कायदा तपासून ठरवलं. मात्र ज्यांना ऐकलं गेलं नाही त्यांच्यावर केवळ आयोगाच्या अहवालाच्या आधारे खटले भरायला सांगायला ते तयार झालं नाही. एवढं खोदूनही अहवालाचा तो भाग गळून पडला आणि जमीन, शेती, विहिरी गमावलेल्या गावांना त्याची किंमत मोजावी लागली. ऐकून घेणं म्हणजे चौकशी अडवणं नव्हे. उलट ऐकून घेतलं तरच तिचा शब्द टिकतो. आधी पत्र, मग ठरलेल्या मुदतीत उत्तर, ही ब्रिटिश रीत तेवढ्यासाठीच उपयोगी आहे.

दुसरं एक मत मी बरेचदा ऐकतो: आयोगाचा अहवाल सरकारवर बंधनकारक करा. हे मला पटत नाही. बंधनकारक केलात तर आयोग कोर्ट होईल, कलम ६चं संरक्षण टिकणार नाही, प्रत्येक साक्षीदार वकिलाच्या सल्ल्यानं गप्प बसेल आणि आपण पुन्हा शोध आणि शिक्षा एका हातात देऊ. शिक्षा कोर्टानंच द्यावी. आयोगानं शोधावं, पण त्यानं शोधलेलं लोकांपुढं येण्यावर सरकारचा ताबा नसावा.

इथं कायद्यात एक मोठी फट आहे. कलम ३(४) म्हणतं की अहवाल मिळाल्यापासून सहा महिन्यांत तो कृती अहवालासह सभागृहापुढं ठेवला पाहिजे. ठेवला नाही तर काय, यावर कायदा गप्प आहे. इंदिरा गांधींच्या हत्येवरचा ठक्कर आयोगाचा अहवाल ठेवावा लागू नये म्हणून १९८६ मध्ये कायदाच बदलला गेला होता. वृत्तपत्रात तो फुटल्यावर १९८९ मध्ये संसदेत आला आणि १९९० मध्ये नव्या सरकारनं ती दुरुस्ती रद्द केली. म्हणजे संसदेला ही गुप्तता चूक वाटली होती. मग पुढचं पाऊल टाकायला काय हरकत आहे? सहा महिने संपले की आयोगाच्या सचिवानं तो थेट प्रसिद्ध करावा, सरकारचं उत्तर तयार असो वा नसो. राष्ट्रीय सुरक्षेचा एखादा भाग वगळायचा असेल तर कारण देऊन वगळावा. आयोग बंद करायचा असेल तर राजपत्रातल्या एका ओळीऐवजी सभागृहाचं मतदान घ्यावं. सभागृहाच्या ठरावानं नेमलेल्या आयोगाला हे आजही लागू आहे, सरकारनं नेमलेल्यालाही लागू करता येईल. आयोगाचे तपास अधिकारी ज्या खात्याची चौकशी आहे त्या खात्याबाहेरचे असावेत आणि आयोगाचं काम संपेपर्यंत त्यांची बदली होऊ नये. यातल्या बऱ्याच गोष्टी महाराष्ट्र सरकार नेमणुकीच्या अधिसूचनेतच घालू शकतं, दिल्लीची वाट न पाहता.

४ नोव्हेंबर २०२२ला सर्वोच्च न्यायालयानं मुंबई दंगलींबद्दलच्या एका याचिकेवर निकाल दिला. ती याचिका २००१ मधली होती आणि श्रीकृष्ण आयोगाच्या शिफारशी अमलात आणा एवढीच तिची मागणी होती. बेपत्ता १६८ जणांपैकी बहुतेकांच्या कुटुंबांपर्यंत भरपाई तीस वर्षांनंतरही पोचलेली नव्हती. न्यायालयानं राज्य विधी सेवा प्राधिकरणाच्या सदस्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि त्या कुटुंबांना शोधून व्याजासह भरपाई द्यायला सांगितलं. राज्यानं स्वीकारलेल्या पोलीस सुधारणेच्या शिफारशीही लवकर अमलात आणायला सांगितल्या. सरकारनं नाकारलेल्या त्याच अहवालातली, एका न्यायाधीशानं ठाण्याठाण्याची कागदपत्रं चाळून केलेली मांडणी नसती, तर न्यायालयापुढं ठेवायला फारसं काही उरलंच नसतं.